आळीपाळीने बॅटरी वाचते?

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या सेमिनारला वायरलेस सेन्सर नेटवर्क (बॅटरीवर चालणारे छोटे सेन्सर-रेडिओ, म्हणजे नोड, आणि त्यांचे निरोप गोळा करणारं बेस स्टेशन) आलं की तीन वाक्यं ठरलेली. एका नोडवरून दुसऱ्यावर अशा लहान लहान उड्यांनी निरोप पाठवला की ऊर्जा वाचते. क्लस्टर-हेड, म्हणजे गटाचे निरोप गोळा करून पुढे पाठवणारा नोड, आळीपाळीने बदलला की सगळ्यांची बॅटरी सारखी उतरते. आणि ती सारखी उतरली की नेटवर्क सर्वांत जास्त जगतं. तिन्ही अर्धवट आहेत.

आधी उड्यांचं बघू. प्रक्षेपणाचा खर्च अंतराच्या वर्गानुसार वाढतो, म्हणून अंतर तोडा, असं म्हणतात. पण सर्किटलाही वीज लागते, पाठवताना आणि घेतानाही. २००० साली हाइन्झेलमन, चंद्रकासन आणि बालकृष्णन यांनी लीच (LEACH) हा क्लस्टर-हेड आळीपाळीने बदलणारा प्रोटोकॉल मांडला, तेव्हा धरलेले आकडेच घ्या: सर्किटला बिटमागे ५० नॅनोज्यूल, अँप्लिफायरला बिटमागे १०० पिकोज्यूल गुणिले अंतराचा वर्ग. ३० मीटरवर थेट पाठवायला १४० नॅनोज्यूल लागतात. मधोमध एक नोड घेतला तर दोनदा पाठवणं आणि एकदा घेणं मिळून १९५! या आकड्यांनी साधारण ४५ मीटरपर्यंत थेटच स्वस्त.

प्रत्यक्षातली चिप तर आणखी गंमत करते. सीसी२४२० हा एकेकाळी प्रयोगशाळांतला नेहमीचा रेडिओ. पूर्ण ताकदीने बोलताना तो १७.४ मिलीअँपिअर ओढतो, ऐकताना १८.८. प्रक्षेपणाची ताकद तीनशे पटींहून जास्त उतरवली, तरी बोलण्याचा खर्च जेमतेम निम्म्यावर, ८.५ वर येतो. नुसता कान उघडा ठेवून बसला तर २५०० मिलीअँपिअर-तासांचे सेल साडेपाच दिवसांत रिकामे. म्हणजे खरा खर्च ऐकत बसण्याचा. कोण किती वेळ झोपतो हे आधी ठरवा, मार्ग नंतर.

आता आळीपाळी. मूळ लीचमध्ये ५ टक्के हेड धरले तर २० फेऱ्यांत प्रत्येकाचा एकदा नंबर लागतो. वाटणी होते ती नंबरांची, खर्चाची नव्हे. बेस स्टेशनपासून लांबच्या नोडला तीच एक फेरी महाग पडते, आणि बॅटरी किती उरली हे मूळ निवडसूत्र विचारतच नाही. २००४ चा हीड (HEED) प्रोटोकॉल ते विचारतो.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. प्रत्येक नोड बेस स्टेशनशी थेट बोलू शकतो, हे लीचचं गृहीतक होतं, आणि लेखकांनी ते लपवलेलं नाही. आपण मात्र तीच आळीपाळी बहुउडी, म्हणजे नोडानोडांतून निरोप पुढे सरकवणाऱ्या, नेटवर्कला चिकटवतो. तिथे वेशीजवळच्या घरांसारखी स्थिती असते: गावात येणारी प्रत्येक गाडी त्यांच्याच दारावरून, धूळही त्यांच्याच अंगणात. नोड सारखे पसरलेले असतील आणि नेटवर्कची त्रिज्या एका उडीच्या पाचपट असेल, तर बेस स्टेशनजवळच्या पहिल्या वलयातला (एका उडीच्या आतला) नोड स्वतःच्या एका पॅकेटमागे सरासरी २४ परकी पॅकेटं वाहतो. वलयातल्या वलयात नंबर फिरवून हा बोजा कमी कसा होणार? वाटेत आकडे एकत्र करून पॅकेटं घटवावी लागतात, बेस स्टेशन हलवावं लागतं, नाहीतर तिथे नोड वाढवावे लागतात.

तिसरं वाक्य तर उलटंच लागतं. सगळ्यांनी सारखी उधळपट्टी केली तरी बॅटऱ्या सारख्याच उतरतात! शिवाय नेटवर्क ‘मेलं’ कधी म्हणायचं? द्राक्षबागेत प्लॉटमागे एकच ओलावा-सेन्सर असेल तर पहिला नोड गेला की त्या प्लॉटचं पाणी अंदाजावर. दाटीवाटीने नोड पेरले असतील तर चार गेले तरी कोणाला कळतही नाही. मी तर बेस स्टेशनजवळच्या दोन-चार नोडांना सरळ छोटं सोलर पॅनल लावून देतो, बाकीचे सेलवर. समतोल नाही तो, पण पॅकेटं पोहोचतात.