आई तंबाखू खात नाही, लावते

गेल्या महिन्यात आईला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. खालचा एक दात हलत होता, एवढंच कारण. फॉर्म भरताना काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "आजी, तंबाखू खाता का?" आई म्हणाली, "न्हाई." "बिडी, सिगारेट?" यावर आईने तिच्याकडे असं काही बघितलं की त्या पोरीने मुकाट्याने दोन्हीकडे फुली मारली.

आत डॉक्टरांनी खालचा ओठ ओढून पाहिला आणि हात थांबवला. ओठाच्या आतल्या बाजूला, हिरडीला लागून, पांढुरका चट्टा. "आजी, इथे काय ठेवता?" आई गप्प. शेवटी मीच म्हटलं, मिश्री, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची दात-हिरड्यांना चोळायची पूड. डॉक्टर वैतागले, मग बाहेर का नाही सांगितलंत? आईचं उत्तर तयार होतं. "ती खाती का म्हून इचारत हुती. म्या कुठं खाती? लावती."

खोटं नाही बोलली ती. पन्नास वर्षं दिवसातून पाच-सहा वेळा तिच्या तोंडात तंबाखू जाते, पण मिश्री कोणी खात नाही आणि ओढत तर नाहीच. मिश्री लावतात. जसं कुंकू लावतात, तेल लावतात.

आम्ही तेव्हा ठाण्यात वागळे इस्टेटला, किसन नगरच्या चाळीत. दर पंधरा दिवसांनी आई जुन्या तव्यावर तंबाखू भाजायला घ्यायची. काळी कुळकुळीत झाली की हाताने चुरायची आणि फडक्यातून गाळायची. अख्ख्या मजल्याला ठसका लागायचा. आणि तरी शेजारच्या काकू खोकत खोकत वाटी घेऊन दारात, "आमाला बी दे गं थोडी." तंबाखूची पुडी आणायला मला पिटाळायची. मी दुसरीत होते. आज 18 वर्षांखालच्या पोराला तंबाखू विकणं 2003 च्या कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा दुकानदार वर एक लिमलेटची गोळी द्यायचा.

हे माझ्याच आईचं खूळ असतं तर पोस्ट लिहिलीच नसती. नव्वदच्या दशकात डॉ. प्रकाश गुप्ता यांनी मुंबईत मतदारयाद्या हाताशी धरून घरोघरी पाहणी केली होती (पुढे त्यांची हीलिस-सेखसरिया ही आरोग्य-संशोधन संस्था आपल्या नवी मुंबईत उभी राहिली). पस्तिशीपुढची जवळजवळ लाखभर माणसं. 1996 साली आकडे छापून आले: पुरुषांत 69.3 टक्के तंबाखूवाले, आणि बायकांत 57.5 टक्के! बायकांची जवळपास सगळी बिनधुराची, म्हणजे न ओढता चघळायची किंवा लावायची, त्यातही मिश्री सर्वांत पुढे. म्हणजे शंभरातल्या निम्म्याहून जास्त बायका. शिवाय वय पस्तिशीपुढचं, म्हणजे घराचा गाडा ओढणाऱ्याच.

आता प्रमाण उतरलंय. 2016-17 च्या 'गॅट्स' या प्रौढांच्या तंबाखू-वापराच्या पाहणीत महाराष्ट्रात 35.5 टक्के पुरुष आणि 17 टक्के बायका तंबाखू घेणाऱ्या निघाल्या. सगळे मिळून धूम्रपान करणारे 3.8 टक्के, बिनधुराची तंबाखू घेणारे 24.4. तरी आपल्या डोळ्यांपुढे 'व्यसन' म्हटलं की टपरीवर धूर सोडणारा बाप्याच येतो. सरकारच्याही.

कायदे आहेत, नाही असं नाही. 1992 मध्ये केंद्राने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. महाराष्ट्रात 2012 पासून गुटखा बंद आहे (स्टेशनबाहेर कुठे मिळतो ते मी सांगायची गरज नाही). पाकिटाच्या 85 टक्के भागावर इशारा छापावा लागतो. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीवर चित्र कोण छापणार? तिला ना पाकीट, ना कंपनी. धाड घालायची तर आमच्या ओट्यावर घालावी लागेल. म्हणून मला वाटतं, इथे बंदीचा काही उपयोग नाही, उपयोग झाला तर नीट विचारलेल्या प्रश्नाचा होईल.

आणि तिथेच घोडं अडलंय. तिशीपुढच्या माणसांना आजारांचा धोका किती ते ओळखायला आशाताई जो 'सीबॅक' फॉर्म भरतात, त्याच्या मूळ नमुन्यात धूम्रपानाबरोबर गुटखा आणि खैनी या दोनच नावांचा दाखला आहे. खैनी! आमच्या किसन नगरच्या कोणत्या काकूने तो शब्द आयुष्यात उच्चारलाय? तिथे नुसतं "मिश्री लावता का?" एवढं जोडलं असतं तर काय बिघडलं असतं?

सर्वांत आधी हे विचारायला हवं गरोदर बायकांची नावं नोंदवताना. मुंबईतल्याच 1217 गरोदर बायकांच्या अभ्यासात (2004, ब्रिटिश मेडिकल जर्नल) बिनधुराची तंबाखू घेणाऱ्यांची बाळं सरासरी 105 ग्रॅमने हलकी निघाली, सहा दिवस आधी जन्मली. 105 ग्रॅम म्हणजे चहाची एक छोटी पुडी. अडीच किलोच्या बाळातून ती काढून बघा. माझा धाकटा भाऊ इतका बारका होता की आजी म्हणायची, "सोन्यासारखं तोलून घ्या." मिश्रीमुळेच, असं मी म्हणणार नाही. पण आईला कधी कोणी विचारलं नव्हतं हे नक्की.

तपासणीही काही फार महागडी नाही. तिरुवनंतपुरमकडे साध्या आरोग्यसेवकांना शिकवून लोकांची तोंडं नुसत्या नजरेने तपासून घेतली. तंबाखू-दारूवाल्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरचे मृत्यू 34 टक्क्यांनी घटले. हे 2005 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. म्हणजे लागतं काय, तर एक बॅटरी आणि ओठ ओढून बघायची तयारी.

"सोड म्हणावं आईला," असं कमेंटमध्ये कोणी लिहू नका, प्लीज. पहाटे पाचला उठून, काही न खाता, घोडबंदरच्या टॉवरमध्ये चार घरची भांडी घासायला जाणाऱ्या बाईला ती चिमूट काय देते, ते तिलाच माहीत. सोडली की डोकं चढतं, पोट साफ होत नाही, तोंड बेचव होतं. 1800-11-2356 ही तंबाखू सोडवायला मदत करणारी मोफत हेल्पलाइन आहे, मी स्वतः फोन लावून आईच्या कानाला दिला. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "पोरगी ग्वाड बोलती."

चट्ट्याचा तुकडा तपासला. सध्या घाबरण्यासारखं नाही, दर तीन महिन्यांनी दाखवायचं आहे. आई सहावरून तीन वेळांवर आली आहे, असं ती म्हणते. परवा तिची डबी हरवली. दिवसभर घर उलथंपालथं केलं तिने, मी मुद्दाम शोधायला हात लावला नाही. संध्याकाळी तांदळाच्या डब्यात सापडली. कोणी लपवली ते तिने विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.