डोकं सांभाळा

माझी उंची सहा फूट. लग्नाच्या बाजारात तिला भाव होता. इंग्लंडच्या खेड्यातल्या पबात तिनेच घात केला. ‘डोकं सांभाळा’ ही पाटी तुळईवरच होती, पण ती वाचायला मान वर करावी लागते. केली. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

लेक बर्मिंगहॅमला असते. “बाबा, लंडन पुरे, एकदा गावातला पब बघा,” म्हणून तिने आम्हाला रविवारी श्रॉपशरमध्ये आणलं. पंधरा मिनिटं झाली तरी ऑर्डर घ्यायला कुणी फिरकेना. इथे म्हणे आपणच उठून बारपाशी जायचं. तिथे रांग दिसत नाही, पण प्रत्येकाला आपला नंबर पाठ. मी डोंबिवली फास्टच्या सवयीने कोपर घातलं. ज्यांना ते लागलं ते आजोबाच “सॉरी” म्हणाले आणि ग्लास घेऊन आमच्या टेबलावर आले.

“बाहेरच्या पाटीवर ओकच्या झाडात मुकुट का रंगवलाय, ठाऊक आहे?”

हिने टेबलाखालून माझा पाय दाबला, पण तोवर मी “नाही” म्हणून बसलो होतो.

सप्टेंबर 1651. वूस्टरची लढाई हरलेला दुसरा चार्ल्स जवळच बॉस्कोबेलच्या रानात ओकवर दिवसभर लपून बसला. डोक्यावर हजार पौंडांचं इनाम, सोबतीला एक कर्नल. कर्नलचं आडनाव केअरलेस! त्याच्याच हातावर डोकं ठेवून राजा झोपला. हाताला मुंग्या आल्या, तेव्हा कर्नलने चिमटा काढून त्याला उठवलं, नाहीतर दोघेही खाली.

“राजा सहा फुटांवर उंच होता,” आजोबा म्हणाले.

तो पबात न शिरता झाडावर का चढला, हे मला लगेच पटलं.

मग माझी पाळी. म्हटलं, याच राजाला पुढे लग्नात मुंबई आंदण मिळाली आणि 1668 मध्ये त्याने ती कंपनीला वर्षाला 10 पौंड भाड्याने देऊन टाकली. आजोबांनी ग्लासाखालची पुठ्ठ्याची चकती ओढली आणि तिच्या ओल्या कडेवर हे टिपून घेतलं. पेन उमटेना, तर माझं मागितलं. ते अजून त्यांच्याकडेच आहे.

बिल झालं 62 पौंड. मी हिला म्हटलं, “एका जेवणात सहा वर्षांची मुंबई खाल्ली आपण.”

“त्यात डोंबिवली नव्हती, अहो,” ही म्हणाली आणि दारातून ताठ मानेने बाहेर पडली. तिची उंची पाच फूट.