हलकं वाचताना पकडले जाऊ नये म्हणून

पहिलं काम कव्हर घालण्याचं. पुस्तक हाती आलं की आत काय आहे ते बघण्याआधी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घाला. पान कोणतं घ्यायचं यालाही महत्त्व आहे. राशिभविष्याचं पान चालत नाही, सिनेमाच्या पुरवणीचं तर नाहीच. त्यापेक्षा पुस्तक उघडं घेऊन फिरलेलं परवडलं. अग्रलेखाचं पान घ्यावं आणि घडी अशी बसवावी की 'सहकार चळवळीपुढील आव्हाने' हे शब्द बरोबर समोर येतील. आत मग कुणाचा का गळा दाबला जात असेना.

दुसरं म्हणजे उत्तर पाठ असावं. एसटीत, दवाखान्याच्या बाकड्यावर, तहसीलच्या व्हरांड्यात कुणीतरी विचारणारच, "काय वाचायलाव सर?" आपल्याकडं हातात पुस्तक असलेल्या माणसाला सर म्हणायची पद्धत आहे, मग तो खताचा दुकानदार का असेना. गडबडू नका. चष्मा काढा, उपरण्यानं किंवा शर्टाच्या टोकानं पुसा आणि म्हणा, "काही नाही, जरा संतसाहित्याकडं वळलोय." आपेगाव, पैठण, नर्सी, गंगाखेड, अंबाजोगाई. एवढ्या संतांच्या शेजारात राहून या उत्तरावर शंका घेणारा माणूस मराठवाड्यात अजून जन्मायचाय. पुढचा प्रश्न येत नाही. आपण उलटा प्रश्न विचारू, ही भीती विचारणाऱ्याला जास्त असते.

आता वाचनालय. १९६७च्या कायद्यामुळं सार्वजनिक वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळाले, आणि वर्गाप्रमाणं अनुदान. वाचकांना वर्ग द्यायचं कायद्याला सुचलं नाही, ते काम आपण आपसांतच करतो. म्हणून कार्ड स्वतःच्या नावावर काढू नका. यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. ज्यांच्या रहस्यकथांसाठी तुम्ही ते कार्ड काढताय, त्या बाबूराव अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. झुंजार, काळा पहाड, धनंजय अशी माणसं कामाला लावून त्यांनी हजाराहून जास्त पुस्तकं लिहिली आणि वर नाव दुसरंच छापलं. लिहिणाऱ्याला हजार पुस्तकांवर दुसरं नाव चालतं, तर वाचणाऱ्यानं एका कार्डावर मेव्हण्याचं नाव लावलं म्हणून काय बिघडलं?

आत गेल्यावर काचेच्या कपाटाकडं आदरानं बघा आणि पुढं चला. तिथं समीक्षा, वैचारिक, समग्र वाङ्मय, सगळे हळद न लागलेल्या नवरदेवासारखे ताठ उभे असतात. तुमचा माल खालच्या खणात. खरं तर तिथंही नसतो. परत आलेल्या ढिगात असतो, कारण ही पुस्तकं कपाटापर्यंत पोचतच नाहीत. दाभणानं शिवलेली, पुठ्ठा निराळ्याच पुस्तकाचा, पानांचे कोपरे मुडपलेले, मध्येच कुणाचा तरी हळदीचा अंगठा. एका कादंबरीच्या पान ८३वर तर मला शेवग्याची चोखलेली शेंग सापडली होती, खूण म्हणून ठेवलेली. वैचारिक ग्रंथात अशी शेंग सापडल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

रहस्यकथा घेताना शेवटचं पान आहे का हे बघून घ्या, पण ते वाचू नका. डोळे अर्धे मिटून फक्त पानाचा आकडा बघायचा, ही कसरत सवयीनं जमते. कारण आपल्याकडं दोन जातींचे वाचक फार माजलेत. एक शेवटचं पान फाडून नेणारा. दुसरा पान १७च्या समासात बॉलपेननं 'खुनी दिवाणजी' असं लिहून ठेवणारा. पहिल्याला क्षमा नाही. दुसऱ्याबद्दल मात्र माझं मत जरा गुंतागुंतीचं आहे. तसं लिहिलेलं वाचून मी एकदा दीडशे पानं दिवाणजीवर पाळत ठेवली. तो चहा घेतो कसा, मालकिणीकडं बघतो कसा, सगळं टिपत गेलो. शेवटी निघाला घरचा डॉक्टर. लेखकानं बिचाऱ्यानं मेहनत करून एक चकवा ठेवला होता, या समासातल्या गृहस्थानं फुकटात दुसरा ठेवला. हा माणूस कुठल्या तालुक्याचा असेल ते असो, त्याच्यासाठी मी एक पुस्तक विकत घ्यायला तयार आहे. नवीन.

प्रेमकथेला तर वाचकच नसतो. नवरा म्हणतो मिसेससाठी नेतोय, मिसेस म्हणते मुलीसाठी, मुलगी म्हणते आत्यासाठी, आणि आत्या असते परभणीला. तरी पुस्तक तीन महिने परत येत नाही. प्रेमकथा उघडपणे वाचल्याची पक्की नोंद मला फक्त न्यायालयांचीच माहीत आहे. चंद्रकांत काकोडकरांची एक कथा १९६२च्या दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, उच्च न्यायालयानं दोषी ठरवलं आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयानं ती अश्लील नसल्याचा निर्वाळा देऊन त्यांना सोडलं. म्हणजे देशातल्या सगळ्यात मोठ्या न्यायमूर्तींना ती नीट वाचावी लागली. तेव्हा कुणी पकडलंच, तर म्हणा, "निकालाचा अभ्यास करतोय."

ऐतिहासिक कादंबरीची काळजीच करू नका, ती आपल्याकडं कादंबरी समजलीच जात नाही. तिच्यातला लेखकानं रात्री जागून रचलेला संवाद जयंतीच्या भाषणात तारीख-वारासह पुरावा म्हणून येतो आणि समोरचा मंडप टाळ्या वाजवतो. विज्ञानकथेचंही सोपं आहे, नावातच विज्ञान. लातूरला अकरावीच्या पोराच्या गादीखाली ती सापडली तर वडील म्हणतात, "असू द्या, फिजिक्सला उपयोगी पडंल." बाकी सगळं अभ्यासिकेत राज्यव्यवस्थेच्या जाड पुस्तकात घालून वाचलं जातं, आणि ते पुस्तक तेवढं जाड का असतं हे मला तिथंच कळलं.

साहित्य संमेलनात दोन पिशव्या न्याव्यात. २०२२च्या एप्रिलात उदगीरला ९५वं संमेलन झालं. ग्रंथप्रदर्शनाच्या मंडपात उकाडा असा, की माणसं घामेजल्या हातांनी पुस्तकं चाळत होती. वरच्या पिशवीत तीन जाडजूड ग्रंथ दिसतील असे. खालच्या पिशवीत काय होतं ते मी सांगणार नाही, तुमच्याही पिशवीत तेच होतं.

भयकथेवर मात्र जरा थांबावं लागेल, तिथं माझे हात पोळलेत. भयकथा माळवदावर वाचू नये. ज्यांचा जन्म स्लॅबखाली गेला त्यांच्यासाठी सांगतो, माळवद म्हणजे जुन्या दगडमातीच्या घराचं सपाट छत, लाकडावर पांढरी माती चोपून केलेलं. मे महिन्यात घराची भट्टी व्हायची, तेव्हा अख्खं घर वाकळा घेऊन वर झोपायला जायचं. खाली उतरायला एकच जिना, आणि तो उतरायचा थेट बळदाच्या, म्हणजे धान्य साठवायच्या, खोलीत, जिथं दिवसाही दिवा लागायचा. लाइट नऊला गेलेली. आक्का टॉर्च धरून नारायण धारप वाचायची आणि आम्ही सहा जण तिच्याभोवती एकाच वाकळेत. धारपांच्या गोष्टीत 'समर्थ' आले की सगळं निस्तरतं, एवढा धीर असायचा. पण समर्थ यायच्या आत टॉर्चचे सेल संपायचे.

आज्जी हरिपाठ म्हणून कडेला तोंड फिरवून झोपलेली असायची. आक्का पान उलटायला थांबली की अंधारातून आवाज यायचा, "थांबलीस कामून? त्या तळघराचं दार लावलं का न्हाई त्यानं?" शेजारच्या माळवदावरच्या काकू म्हणायच्या, "पोरी, जरा मोठ्यानं वाच की, इकडं येईना ऐकायला." गल्लीतली माळवदं एकमेकांना लागून, त्यामुळं एका पुस्तकावर पाच-सहा घरं भ्यायची. एकदा पाण्याची घागर खालीच राहिली. दिवसभर ऊन मरणाचं, सगळ्यांचे घसे कोरडे, आणि जिन्याकडं बघायला कुणी तयार नाही. बाबा म्हणाले, "मला तहान नाही." काका म्हणाले, "रात्री पाणी पिणं तसंही वाईटच." पहाटे दूधवाल्यानं कडी वाजवली तेव्हा आम्ही रांगेनं उतरलो. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. आमच्या घरात त्या रात्री बारा पायऱ्यांवरून आलं नाही. तेव्हा पाण्याची सोय बघूनच भयकथा काढा.

एवढी सगळी यातायात नको असेल तर एक राजमार्ग आहे, आणि तो आपल्या पैठणचाच आहे. काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात लिहिलेल्या 'कथासरित्सागरा'त ही हकिकत येते. प्रतिष्ठानचा, म्हणजे जुन्या पैठणचा, सातवाहन राजा राण्यांबरोबर पाण्यात खेळत होता. एक राणी दमली आणि म्हणाली, "मोदकैः". म्हणजे 'मा उदकैः', आता पाणी उडवू नका. राजाला संस्कृत येत नव्हतं. त्यानं मोदक मागवले. राणी त्याला हसली. (माझं विचाराल तर त्या तळ्यात डोकं ठिकाणावर असलेला तो एकटाच होता. पोहून दमलेल्या माणसाला संधिविग्रहापेक्षा मोदक बरा.) पण राजा लाजेनं अंथरुणाला खिळला. पंडित गुणाढ्य म्हणाला, सहा वर्षांत व्याकरण शिकवतो. शर्ववर्मा म्हणाला, सहा महिन्यांत. हे जमलं तर मी संस्कृत, प्राकृत, देशी सगळं सोडीन, असं गुणाढ्य बोलून बसला. शर्ववर्म्यानं क्रॅश कोर्स घेतला आणि राजा पास झाला.

गुणाढ्य विंध्याच्या रानात गेला आणि उरलेल्या एकाच भाषेत, पिशाचांच्या पैशाचीत, त्यानं सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली. शाई नव्हती म्हणून रक्तानं. मूळ ग्रंथ आज नाही, पण त्यातून आलेल्या गोष्टी बघितल्या तर राजपुत्र, विद्याधरी, समुद्रावर बुडणारे व्यापारी, चोर, जुगारी, वेताळ, असा सगळा तुमचा खालचा खण त्यात भरलेला. शिष्य ग्रंथ घेऊन दरबारात गेले. सहा महिन्यांत विद्वान झालेल्या राजानं नाक मुरडलं. भाषा भुतांची, अक्षरं रक्ताची, घेऊन जा.

मग गुणाढ्यानं डोंगरावर आग पेटवली. एक पान मोठ्यानं वाचायचं आणि आगीत टाकायचं. रानातली जनावरं चरायचं सोडून त्याच्याभोवती बसली, डोळ्यांत पाणी आणून ऐकत राहिली. इकडं राजाच्या ताटातलं मटण बेचव, वाळकं. राजा आजारी पडला. वैद्यांनी मटणाला दोष दिला, आचाऱ्यांनी पारध्यांना, आणि पारध्यांनी सांगितलं, काय करणार, वर एक बामण गोष्टी वाचतोय आणि जनावरं खाईनात. राजा धावत गेला तोवर सहा लाख श्लोकांची राख झाली होती. एक लाख हाती लागले.

हा मार्ग घ्या. आधी नाक मुरडा, मटण बेचव लागेपर्यंत वाट बघा, मग जे उरेल त्याला अभिजात म्हणून काचेच्या कपाटात ठेवा. कव्हर घालायची गरज उरणार नाही.

मला मात्र कव्हराची सवय सुटत नाही. मागच्या श्रावणात पैठणहून संभाजीनगरला येत होतो. बिडकीनला शेजारी एक गृहस्थ येऊन बसले. पांढरा नेहरू शर्ट, कपाळाला बुक्का, हातात पुस्तक. पुस्तकाला अग्रलेखाचं कव्हर, आणि घडी इतकी चोख, की हाताखालून शिकून गेलेला पोरगा भेटल्यासारखं वाटलं.

"काय वाचायलाव?" मी विचारलं.

"संतसाहित्य."

"मी पण."

दोघंही पुढं बघत बसलो. चितेगाव मागं पडल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं, मागच्या सीटवर कोण आहे ते बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "शेवटचं पान न्हाई हो यात. तुमच्या बघण्यात आलंय का हे?"

मी पुस्तक हातात घेतलं. शीर्षकाकडं न बघता पान १७ काढलं. समासात निळ्या बॉलपेनची दोन अक्षरी-चार अक्षरी ती ओळ होती, शाई जरा फिकी झालेली.

"डॉक्टर," मी हळूच म्हणालो.

ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "आणि मी मुडदा दिवाणजीच्या मागं लागलोय परवापासून."