‘कधी गुन्हा दाखल झाला होता का?’

नोकरीच्या फॉर्मात परत तोच रकाना. ‘तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला होता का? होय/नाही.’ शिक्षा झाली का, हे विचारतच नाहीत. दाखल झाला होता का! अहो, दाखल व्हायला लागतं काय? फिर्यादीने नाव घेतलं की झालं. मी भांडण सोडवायला गेलो होतो, तर आरोपींच्या यादीत नववं नाव माझं. तेव्हाच्या भारतीय दंड संहितेची कलमं १४३, १४७, ३२३, ५०४, म्हणजे बेकायदा जमाव, दंगा, मारहाण, अपमान. वय वर्षं १९. पाच वर्षं तारखांना हेलपाटे घातले, साक्षीदार फितूर झाले, शेवटी निर्दोष मुक्तता. आईने पेढे वाटले. डोंबलाचे पेढे!

निकालपत्रात ‘संशयाचा फायदा देऊन’ असं लिहिलंय ना. तेवढे शब्द वाचले की समोरच्याचा चेहराच बदलतो. म्हणजे सुटलो, पण शंका ठेवून सुटलो.

बरं, ‘नाही’ लिहावं, तर माहिती दडवली म्हणून लागलेली नोकरीही जाऊ शकते. ‘होय’ लिहावं, तर सुप्रीम कोर्टानेच २०१६ मध्ये सांगून ठेवलंय की उमेदवाराने खरं सांगितलं तरी त्याला घ्यायलाच हवं अशी सक्ती मालकावर नाही. इकडे आड, तिकडे विहीर. आणि लपवणार तरी कुठे? ई-कोर्टच्या साइटवर नाव टाका, ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ आणि पुढे मी. जणू अख्ख्या राज्याशी माझं वैर!

संताप कशाचा येतो सांगू? १८ च्या आत असतो तर बाल न्याय कायद्याचं कलम २४ होतं. अपात्रता नाही, ठराविक मुदतीनंतर रेकॉर्डही नष्ट. दोषी ठरून चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटलो असतो, तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचं कलम १२ होतं, शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. गुन्हा शाबीत झालेल्याला कलम आहे. ज्याचा शाबीतच झाला नाही त्याला काय? त्याने वकिलाची फी भरून हायकोर्टात जायचं आणि साइटवरचं नाव झाकायची विनवणी करायची. इंग्लंडात १९७४ पासून कायदा आहे, बऱ्याचशा शिक्षाही ठराविक वर्षांनी जुन्या झाल्या असं धरतात, बहुतेक नोकऱ्यांत त्या सांगाव्याही लागत नाहीत. आपल्याकडे सज्ञान, निर्दोष सुटलेल्या माणसासाठी तशी साधी अर्जाची सोयसुद्धा नाही.

चारित्र्य पडताळणीला गेलो तेव्हा पोलीस ठाण्यातले साहेब म्हणाले, “सुटलात ना? मग घाबरता कशाला?” आणि हे बोलता बोलता शेऱ्यात गुन्हा रजिस्टर नंबर लिहिला. निकालाची प्रत मी पुढे सरकवली, ती टाचणीसकट परत दिली. कोर्टाचा निकाल म्हणजे काय वडापावचा कागद आहे?

आता रात्रीचे साडेअकरा झालेत, फॉर्म उघडाच आहे. ‘होय’ केलं की खाली ‘तपशील द्या’ म्हणून चौकट येते. कमाल शंभर अक्षरं. बसवा म्हणे त्यात पाच वर्षं.