शनीवरचं वादळ आणि मामांचा बंद फोन

"शनीवर महावादळ! नासाचा इशारा! विजांच्या लहरी पृथ्वीवर येणार, तीन दिवस मोबाईल बंद ठेवा. वळिवाच्या गाराही त्यामुळंच." हा मेसेज फिरत फिरत तासगावच्या मामांपर्यंत पोचला आणि मामांनी खरंच फोन बंद करून कपाटात ठेवला. शेडवर बेदाणा वाळत घातलेला, आभाळ भरून आलेलं आणि ह्यांचा फोन लागेना!

मेसेजमधला फोटो शनीचा नाहीच. तो गुरूवरचा तांबडा डाग, जास्त दाबाचा भलामोठा भोवरा. पुढं चला.

शनीवर विजा होतात, आपल्याकडच्यापेक्षा हजारो पट जोरदार, हे मान्य. पण शनी अगदी जवळ आला तरी १२० कोटी किलोमीटर लांब. त्या विजांची रेडिओ कुजबुज इथून ऐकायला युक्रेनमधली दोन हजारांवर अँटेनांची दुर्बीण लागली. तुमच्या हँडसेटला कसला धोका? ५ डिसेंबर २०१० ला शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी यानानं असंच एक वादळ सुरू होताना पकडलं. दोनेक महिन्यांत त्यानं शनीला पूर्ण वेढा घातला, ऐन भरात सेकंदाला दहाच्या वर विजा कडाडत होत्या आणि हे सहा महिन्यांहून जास्त चाललं. त्याच काळात, २ एप्रिल २०११ ला, आपण वानखेडेवर वर्ल्डकप जिंकलो. त्या रात्री कुणाचा मोबाईल बंद पडला होता?

खरा राग मला याचा आहे की वळिवाच्या दिवसांत फोन चालूच पाहिजे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं 'दामिनी' ॲप आसपासच्या २० ते ४० किलोमीटरमधल्या विजेचा इशारा देतं. कपाटातल्या बंद फोनवर तो कसा येणार? माळावर शेडवर राबणाऱ्या माणसाला फोन बंद करायला सांगणं हा जिवाशी खेळ आहे.

राहिल्या गारा. उन्हानं तापलेली हवा वर चढते, समुद्राकडची वाफ मिळते, ढग उंच जातो, गारा होतात. शनीवर गणित उलटं: तिथली हवा हायड्रोजनची, वाफेपेक्षा हलकी. त्यामुळं ओली हवा जड होऊन वर्षानुवर्षं तळाशी बसते. वरचा थर निवून पुरेसा जड झाला की मगच ती उसळते. म्हणून अशी वादळं १९३३, १९६०, १९९० आणि २०१० ला आली. वळीव तासगावात दरसाल येतो.