'एनक्रिप्शन आहे ना, मग झालं!' : एका प्रतिक्रियेला उत्तर

"अर्धवट माहितीवर लोकांना घाबरवायचा धंदा" असं तुम्ही माझ्या वायफायवरच्या लेखाला म्हणालात. मजकूर गुप्त ठेवणं आणि त्यातली छेडछाड रोखणं हे दोन वेगळे मुद्दे आहेत, असं मी त्यात लिहिलं होतं. धंदा कसला, साहेब? ब्लॉगवर एक जाहिरात नाही. मतभेद खुशाल असू द्या, पण 'शाळकरी पोरानं लिहिल्यासारखं' ही भाषा कशाला? माझी उभी नोकरी नेटवर्क सांभाळण्यात गेली. सगळे घरी गेल्यावर राउटरचे लॉग चाळत बसणाऱ्यांतला मी. एचटीटीपीएसबद्दल (वेबसाइटशी होणारी देवाणघेवाण सुरक्षित करणारी पद्धत) त्रोटक लिहिलं, एवढं मान्य.

आता तुमचं ते ठाम वाक्य: "वायफाय एनक्रिप्टेड असलं की मजकुरात ढवळाढवळ करताच येत नाही." का येत नाही? वायफायच्या 1997 च्या मानकातली वेप ही सुरक्षा पद्धत घ्या. एनक्रिप्शन, म्हणजे मजकूर कूटबद्ध करणं, आरसी4 या पद्धतीनं, आणि मजकूर बदललाय का ते तपासायला सीआरसी-32 नावाची बेरजेसारखी पडताळणी. सीआरसी असते ती वाटेत चुकून झालेला बिघाड पकडायला. मुद्दाम केलेला बदल पकडणं तिचं कामच नव्हे. आरसी4 मध्ये कूटबद्ध मजकुरातला एक बिट उलटवला की मूळ मजकुरातला नेमका तोच बिट उलटतो. सीआरसीत त्यानं काय फरक पडेल, तेही एनक्रिप्शनची गुप्त किल्ली माहीत नसताना काढता येतं. दोन्हीकडे बदल केला की पॅकेट (नेटवर्कवरून जाणारा माहितीचा तुकडा) बिनबोभाट आत.

आता ते पॅकेट कुठे जायचं ते सांगणारा आयपी पत्ताच हल्लेखोरानं बदलला तर? पत्त्याचा अंदाज पुष्कळदा बांधता येतो. तो स्वतःच्या मशीनचा केला की ॲक्सेस पॉइंट (वायफाय पुरवणारं यंत्र) स्वतःच पॅकेट उलगडून हल्लेखोराकडे रवाना करतो. किल्ली फोडायची गरजच नाही. बोरिसोव्ह, गोल्डबर्ग आणि वॅग्नर या संशोधकांनी हे 2001 मध्येच दाखवलं. छेडछाड रोखली नाही म्हणून गुप्तताही गेली, आणि तुम्ही म्हणता हे दोन मुद्दे मी 'उगाच वेगळे' केले!

वेप जुनं झालं म्हणाल, तर त्यानंतरच्या डब्ल्यूपीए2 या सुरक्षा पद्धतीवरचा, 2017 मधला क्रॅक हल्ला बघा. हँडशेकमधला, म्हणजे जोडणी होताना उपकरण आणि ॲक्सेस पॉइंट यांच्यात होणाऱ्या देवाणघेवाणीतला, तिसरा संदेश पुन्हा पाठवून उपकरणाला वापरात असलेलीच किल्ली पुन्हा बसवायला लावायची. पॅकेटचे क्रमांक परत पहिल्यापासून, म्हणजे त्याच किल्लीसोबत तेच क्रमांक पुन्हा, आणि एनक्रिप्शन कमकुवत. मजकूर कूटबद्ध करून तपासायच्या दोन पद्धती होत्या: टीकेआयपी असेल तर बनावट पॅकेटंही घुसवता येत होती, सीसीएमपी असेल तर नाही. एनक्रिप्शन दोन्हीकडे होतं ना? फरक पडला तो मजकूर तपासायच्या पद्धतीमुळे.

नेटवर्कचं नाव लपवण्याच्या तुमच्या उपायावर काय बोलू? जोडणी होताना ते नाव उघडंच जातं. आणि शाळकरी पोरांना मध्ये ओढू नका. त्यांतल्या कित्येकांना हे ठाऊक असतं.