डोक्यातली डबलबारी

गणपतीच्या चौथ्या रात्री, वाडीतल्या आठव्या घरातल्या भजनात, ऐन गजराला मी पेटीवरचे हात उचलले आणि म्हणालो, "बुवा, पेटी बिघडली. वरच्या सप्तकात दोन-दोन सूर बोलतायत."

आमच्या मालवणी मुलखात चढलेला गजर मध्येच थांबवणं म्हणजे जेवणाऱ्याच्या पुढ्यातलं पान ओढणं. पखवाजवाल्याचा हात वरच राहिला. कोरसातल्या एकाला थांबल्याचं कळलंच नाही, तो एकटाच आणखी दोन ओळी पुढे जाऊन परत आला. मग बॅटरी आणून पेटी उघडली गेली. आमची पेटी दुहेरी सुरांची, एका पट्टीखाली दोन पत्त्या. त्यातली एक जरा उतरली की आवाजाला कापरं भरतं, हे मला ठाऊक होतं, म्हणूनच तर मी एवढ्या आत्मविश्वासाने बोललो होतो. बुवांनी एकेक पट्टी दाबून पाहिली, फुंकर मारली. आतून एक झुरळ आणि बहुधा गेल्या वर्षीच्या करंजीची चुरी निघाली. पत्त्या ठणठणीत. साऱ्या खळ्याला, म्हणजे अंगणात जमलेल्या सगळ्यांना, एक सूर ऐकू येत होता आणि मला दोन.

"पेटी बरी आसा," बुवा म्हणाले. "तुझो कान उतारलो."

खळं हसलं. घरची मंडळी हसली, शेजारची हसली, मखराशेजारी बसलेली एक नववधू, जी सकाळीच मुंबईहून आली होती आणि जिला पेटी आणि तबला यातला फरक कळत असेल की नाही शंका आहे, तीसुद्धा हसली. पेटी बारावीतल्या एका पोराकडे गेली. माझ्या हातात झांज आली.

अकरा वर्षं. अकरा वर्षं ही पेटी मी प्लास्टिकात गुंडाळून, डोक्यावर घेऊन, चिखलातून, मेरांवरून, फुकट वाहिली आहे. मानधन म्हणजे काळ्या वाटाण्याची उसळ आणि अर्धा कप चहा. बुवा स्वतः भैरवीपर्यंत पोचतात तेव्हा अर्धी पट्टी वर चढलेले असतात. त्याला मात्र 'बुवा रंगात इले' म्हणतात. त्यांच्या त्या रंगामागे मी अकरा वर्षं बोटं फरफटवत नेली, कधी हूं का चूं केलं नाही. असो. असो म्हटलं तरी जात नाही, पण असो.

तर कारण सांगतो. चतुर्थीला मूर्ती घरात घेताना पुतण्याने माझ्या उजव्या अंगाला, हातभर अंतरावर, सुतळी बॉम्ब लावला. कानात शिट्टी वाजली, ती संध्याकाळपर्यंत विरली. उजव्या बाजूचं जग कापूस कोंबल्यासारखं झालं. दोन दिवसांत बरं होईल म्हणून मी गप्प राहिलो, कारण पुतण्याची आई, म्हणजे आमची वहिनी, मोदक वळत होती आणि मोदक वळणाऱ्या बाईशी भांडू नये.

गजराच्या त्या रात्री घरी येऊन मोबाइलवर एक सूर लावला, ८८० हर्ट्झचा. इअरफोनचं एकच बोंडूक, आधी डाव्या कानात, मग उजव्या. डाव्यात जसा असायला हवा तसा. उजव्यात चढा, आणि थोडाथोडका नाही, जवळपास एक पट्टी पुढे. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. मोबाइल तोच, सूर तोच, डोकं तेच. खालच्या सप्तकात दोन्ही कान सख्ख्या भावांसारखे गुण्यागोविंदाने नांदत होते. वर गेलं की वाटणी. सातबारा एक आणि कब्जेदार दोन. आणि दोन्ही बोंडकं एकदम घातली की डोक्यात डबलबारी, म्हणजे दोन भजनी बुवांचा सामना, सुरू. डावीकडे एक बुवा, उजवीकडे दुसरा, मध्ये मी आणि निकाल लागत नाही.

दुसऱ्या रात्रीचं भजन तात्यांकडे होतं. तात्या ऐंशीच्या घरातले. वाडीत कोणाची गाय हरवो, मोटर जळो, सोयरीक मोडो, तात्यांचं त्यावर मत असतं आणि ते मत घेतल्याशिवाय चहा मिळत नाही. माझ्या कानाची बातमी त्यांच्यापर्यंत सकाळच्या दुधाबरोबर पोचली होती. मध्यंतरात त्यांनी मला समईजवळ, सर्वांच्या मधोमध बसवलं.

"खयलो कान?"

"उजवा."

"काय करता?"

"सूर चढा ऐकतो."

"आनि डावो?"

"तो बरोबर ऐकतो."

"ह्यां तुका कोणी सांगलां?"

मी गप्प. रात्रभर मोबाइल घेऊन बसलो, पण हा प्रश्न मला पडला नव्हता.

"उजवो बरोबर आसात," तात्या म्हणाले, "आनि डावो जन्मापासून उतारलेलो आसात. तू अकरा वर्सां वायट पेटी वाजवलस आसशीत."

बुवांनी 'बरोबर' अशा अर्थाची मान हलवली. ती मान मी विसरणार नाही.

मग तात्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. तंबाखू मळलेली तर्जनी त्यांनी माझ्या डाव्या कानात खुपसली आणि स्वतः "आऽऽऽ" असा सूर लावला. मग बोट काढलं, उजव्या कानात घातलं, पुन्हा "आऽऽऽ". पुन्हा डावा, पुन्हा उजवा. त्यांच्या सुराला घसरगुंडीचा मूळचाच नाद. प्रत्येक "आ" आधीच्यापेक्षा खालून निघायचा आणि आणखी खाली जाऊन खोकल्यात मिळायचा.

"आता खयलो वर?"

"तात्या, तुम्हीच खाली येताय."

"बघा!" तात्या खळ्याकडे वळून ओरडले. "तेका सूर कळता! कान बरो आसा!"

टाळ्या पडल्या. मी उठायला लागलो तर त्यांनी खांदा दाबून बसवलं. "आयक. माझ्या जोताक दोन बैल होते. डाव्या अंगाचो वायच फुडे चलायचो. म्हणान नांगर वाकडो गेलो काय?"

"बैल वेगळे, तात्या, कान वेगळे."

"कित्याक येगळे? मधी जू आसा मा? जू घट्ट आसला की बैल कसले का असनात. तुझा जू ढिला झाला."

आणि हे कमी पडलं म्हणून की काय, ते उठले, उपरणं सावरलं, गणपतीसमोर उभे राहिले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. कोणी सांगितलं नव्हतं. पण गाऱ्हाणं सुरू झालं की कोकणी माणूस हातातला कप खाली ठेवतो, तसे सगळ्यांनी ठेवले.

"बा देवा म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"ह्या लेकराचो उजवो कान वरच्या पट्टीत गेलो हा, तेका खाली हाड रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"डाव्यात आनि उजव्यात एकमत कर, कोणाची नजर आसात, कोणाची करणी आसात, सुतळी बॉम्ब आसात, ता समिंदराच्या पार कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"आनि कान सुरात इलो की ह्यो तुका नारळ देतलो, आनि शीमेवरच्या देवचाराक एक कोंबो देतलो रे म्हाराजा!"

या शेवटच्या "होय म्हाराजा"ला जो जोर लागला, तो अख्ख्या रात्रीत एकाही गजराला लागला नव्हता.

"तात्या, गणपतीच्या पुढ्यात कोंबड्याचं नाव?" मी कुजबुजलो.

"तेचे कान मोठे," तात्या म्हणाले, "पण तसल्यात तो लक्ष घालणा नाय."

माझ्या कानासाठी माझा कोंबडा, मला न विचारता. पुढचे सात दिवस मी झांज वाजवली. मध्यंतरी एका मामीने कानात लसणीचं तेल घातलं, एका पाहुण्याने बसल्या बसल्या सांगितलं की हे सगळं मानसिक असतं. हे 'मानसिक' वाडीत भलतंच लोकप्रिय झालं. पाय मोडलेल्याला कोणी म्हणत नाही की पाय तुझ्या मनात मोडलाय. पण कानाचं ना प्लास्टर दिसत ना सूज. आपण म्हणतो ते फक्त आपल्यालाच ऐकू येतं, आणि जे फक्त एकाला ऐकू येतं त्याला गावात दोनच नावं आहेत, वेड आणि वारं.

अनंत चतुर्दशी झाली आणि कुडाळला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर जाडजूड हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. डावा कान शहाण्या मुलासारखा दाबत गेला. उजव्याच्या वेळी मी अंदाजाने दोनदा दाबलं, तेही त्यांनी पकडलं. कागदावर दोन रेषा उमटल्या. एक पडवीसारखी सपाट, दुसरी वरच्या सुरांकडे जाताना घाटातल्या एस.टी.सारखी खाली उतरलेली.

"पटाका कधी वाजला?"

"चतुर्थीला."

"मग इतके दिवस काय करत होतात?"

"झांज वाजवत होतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मोठ्या आवाजाने किंवा अचानक कान गेला तर पहिल्या दोन-तीन दिवसांत यायचं असतं, गोळ्यांचा उपयोग तेव्हा जास्त होतो, आणि त्यात मोठ्या आवाजापासून लांब राहायचं सोडून तुम्ही झांज? तेल कोणी घातलं? मी मामीचं नाव सांगितलं नाही. नंतर पस्तावलो.

रोगाचं नाव त्यांनी सांगितलं, डिप्लाक्युसिस. मग चित्र काढून समजावलं. आतल्या कानात एक शंख असतो, अडीच वेढ्यांचा. त्यातला पडदा उलगडून सरळ केला तर साधारण ३५ मिलिमीटर, म्हणजे आमच्याकडच्या सुक्या बांगड्याच्या शेपटीएवढा. तोंडाकडच्या भागात वरचे सूर, आतल्या टोकाला खर्ज. प्रत्येक सुराची जागा ठरलेली, पेटीच्या पट्टीसारखी. त्यावर हजारोंनी केसाळ पेशी, एका कानात पंधरा हजारांच्या आसपास, आणि त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. माड मेला तर नवा लावता येतो, ही सोय तिथे नाही. काही पेशी दुखावल्या की तोच सूर पडद्यावर शेजारच्या जागी जास्त उठतो, आणि मेंदू जागा बघून सूर ओळखत असल्यामुळे फसतो. डाव्या कानाकडून एक निरोप, उजव्याकडून दुसरा.

"पण थोडा फरक सगळ्यांच्याच कानांत असतो," बाई म्हणाल्या. "एखाददुसरा टक्का. मेंदू दोन्ही मिळवून एक करून टाकतो, म्हणून कळत नाही. तुमचा फरक एका पट्टीच्या जवळ गेलाय, म्हणजे जवळजवळ सहा टक्के. तो मिळवता येत नाही."

म्हणजे जू. म्हणजे तात्या बरोबर. या संबंध प्रकरणात मला सगळ्यात जास्त काही लागलं असेल तर ते हे.

घरी आल्यावर वाचत बसलो. फ्रान्समध्ये गाब्रिएल फोरे नावाचा मोठा संगीतकार होऊन गेला. १९०५ पासून तो पॅरिसच्या सरकारी संगीत विद्यालयाचा मुख्य होता. त्याला कान जाता जाता खालचे सूर चढे आणि वरचे सूर उतरे ऐकू यायला लागले. ते लपवत लपवत तो १९२० पर्यंत खुर्चीवर राहिला आणि त्यानंतरही १९२४ मध्ये मरेपर्यंत संगीत लिहीत होता. त्याच्या हातात कोणी झांज दिली नाही. आणि आपल्याकडे? आकाशवाणीने १९४० साली पेटीवरच बंदी घातली, का, तर तिच्यात मींड, म्हणजे सुरावरून सुरावर घसरत जाणं, निघत नाही, आणि श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, बसत नाहीत. ती बंदी १९७१ साली उठली. एकतीस वर्षं. पेटीला इतकी लागली तर पेटीवाल्याला किती लागतील, याचा हिशोब मी केला आणि बुवांचं वय त्यात मिळवून सोडून दिला.

झांज बंद करायला सांगितलीय, हे मी बुवांना जाऊन सांगितलं. ते विचारात पडले. "मगे असा कर," ते म्हणाले, "कोरसात उभो रव. तोंड हलय. आवाज काढू नको."

तोंड हलवतोय. काय करणार.

गोळ्यांनी फरक पडला. दिवाळीपर्यंत उजवा कान बराच खाली आला. आता ८८० वर पाव पट्टीचं भांडण उरलंय, तेही थकलो असलो की. बाई म्हणाल्या, एवढं राहील कदाचित. हे मी घरात, दार लावून, हळू आवाजात बायकोला सांगितलं. दुसऱ्या सकाळी तात्या खळ्यात हजर. काठी टेकून ते माझ्याकडे बघत नव्हते, शेणीच्या मांगराशेजारी चरणाऱ्या आमच्या तांबड्या कोंबड्याकडे बघत होते.

"कान सुरात इलो म्हणतत."

"पूर्ण नाही, तात्या. पाव पट्टी अजून चढाच आहे."

तात्यांनी डोळे बारीक केले, कोंबड्याला एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून न्याहाळलं.

"मगे कापूया," ते म्हणाले. "एक तंगडी मागे ठेवया."